दंताच्या तळाची रेषा

मानेच्या दुसऱ्या मणक्यावरील सुळक्यास शरीरशास्त्रात 'दंत' म्हणतात. लॅटिन 'डेन्स' हा याच शब्दाचा सगोत्र. बालवयात हा दंत मणक्याच्या पिंडाशी अस्थीने नव्हे, तर कूर्चेच्या वर्धनपट्टिकेने जोडलेला असतो. ती बहुधा वयाच्या ३ ते ६ वर्षांच्या दरम्यान अस्थिमय होते. पुसट खूण मात्र पुढेही राहते. क्ष-किरणचित्रात ही पट्टिका काळ्या आडव्या रेषेसारखी दिसते आणि घोटाळा होतो तो येथेच. निरोगी रेषेस अस्थिभंग समजणे त्यातल्या त्यात परवडले. खरा भंग 'वाढीची रेषा' म्हणून सोडून देणे घातक. मोटार-अपघातात बालकाचे जड मस्तक पुढे फेकले गेले, म्हणजे मान या दुर्बल पट्टिकेतच भंगते. दंत पुढे कललेला दिसताच संशय घ्यावा. वेळीच मस्तक व मान स्थिर केल्यास पट्टिका बहुधा शस्त्रक्रियेवाचून सांधते.