हातावरचे पोट : मजुरीची तारीख

मागच्या लेखाच्या शेवटी खोलीचे भाडे आणि डिपॉझिट हा विषय कबूल केला होता. तो पुढच्या आठवड्यावर टाकतो आहे, कारण त्याच लेखातला तेलाच्या पुडीचा हिशेब वाचून एका वाचकांनी विचारलेला प्रश्न तसाच सोडून पुढे जाववत नाही. त्यांचे म्हणणे असे : नाक्यावरचा मजूर रोजचे रोज कमावतो, म्हणून त्याला किराणाही रोजचा रोज आणि महाग घ्यावा लागतो, हे पटले. पण ऊसतोड मजुराला तर कोयता हातात घेण्याआधीच लाखभर रुपये एकरकमी मिळतात. पगारदाराचे पैसे महिनाभर राबल्यावर येतात. मग ज्याला आधी पैसे मिळतात तो गरीब कसा? प्रश्न मनापासून विचारलेला आहे आणि त्याच्या मागे लागले की आपण गरिबीच्या एका वेगळ्याच अंगाशी येऊन थांबतो. मजुरीवरचा आपला सगळा वाद दरावर चालतो : टनाला किती, दिवसाला किती, महिन्याला किती. मजुरी कधी मिळते, हा प्रश्न त्या वादात मागे राहतो. माझे म्हणणे असे की कमी मजुरीवर जगणाऱ्याच्या घरात दराइतकेच तारखेलाही महत्त्व असते, आणि ही तारीख ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे जवळजवळ कधीच नसतो.

आधी या आगाऊ रकमेचा, म्हणजे उचलीचा हिशेब मांडू. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव या भागांतली कुटुंबे दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे किंवा सीमेपलीकडे बेळगावकडे उतरतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. उचल त्या कोयत्याची असते आणि ती मजुरांची टोळी ठरवणारा मुकादम पावसाळ्यातच हातावर ठेवतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, तेव्हा टनाचा दर साधारण ३६६ रुपयांवर गेला. एका कोयत्याने दिवसाला दोन टन ऊस तोडून, मोळ्या बांधून गाडीत भरला तर दोघांचे मिळून ७३२ रुपये होतात. दिवसाला दोन टन हे तब्येत धड असतानाचे, ऊस उभा असतानाचे आणि गाडी वेळेवर आली असतानाचे माप. आता उचल एक लाखाची धरा. ती फिटायला २७३ टन ऊस तोडावा लागतो, म्हणजे एकही दिवस न चुकता जवळजवळ १३७ दिवस. पाऊस दगा देतो, ऊस कमी पडतो आणि हंगाम शंभर दिवसांत आटोपतो, त्या वर्षी २०० टनांचे ७३,२०० रुपये होतात आणि २६,८०० रुपये अंगावर राहतात. ती बाकी घेऊनच पुढच्या वर्षीचा कोयता ठरतो. एकदा अंगावर बाकी राहिली की मुकादम बदलता येत नाही, दुसऱ्या कारखान्याचा दर चांगला असला तरी तिकडे जाता येत नाही, आणि 'यंदा नको, पोरगी दहावीला आहे' असेही म्हणता येत नाही. उचलीवर व्याज लावले नसेलही. पण ज्या कर्जाच्या बदल्यात पुढच्या हंगामाचे 'नाही' म्हणण्याचे स्वातंत्र्य जाते, त्याला बिनव्याजी म्हणणे मला पटत नाही.

दुसरी गोष्ट हंगामाच्या आतली. उचल आषाढ-श्रावणात येते आणि बहुधा तेव्हाच संपते : जुनी देणी, पेरणी, दवाखाना, मुलांची फी, घरातले लग्न. त्यानंतर ऊस तोडण्याचे जे महिने असतात, त्यांत हातात पैसाच येत नाही. दळण, मीठ-मिरचीसाठी मुकादम अधूनमधून 'खर्ची' देतो आणि तीही उचलीच्या वहीत चढते. म्हणजे ज्या दिवशी सर्वांत जास्त काम त्या दिवशी कमाई शून्य, असा हा व्यवहार आहे. या काळात कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, खरोखर रोकड कशाची येते हे पाहायचे तर फडात खाली पडलेल्या वाढ्यांकडे पाहावे. ऊस बुडातून तोडायचा, पाचट काढायचे, शेंडा छाटायचा. कांडे मोळीत जाते आणि हिरवा शेंडा बाजूला पडतो, तेच वाढे. दिवसभराच्या मोळ्या डोक्यावरून फळी चढत गाडीत भरून झाल्या की बाई ती वाढी गोळा करून त्यांच्या पेंढ्या बांधते आणि जनावरे असलेल्या गावकऱ्यांना विकते. चहापत्ती, साखर, लेकराच्या तापाचे औषध यांतले बरेचसे त्या पेंढ्यांवर येते. गाडीभर उसाची मजुरी पूर्वीच उचललेली असते. वाढ्यांचे चार पैसे मात्र आजच्या कामाचे आजच मिळतात आणि ते तिच्या स्वतःच्या हातात पडतात. उचल नवऱ्याच्या नावावर असते. निम्मा कोयता तिचा असूनही मुकादमाच्या वहीत बहुधा तिचे नाव नसते. तिच्या श्रमाची किंमत ती कामावर येण्याआधीच दुसऱ्याच्या हाती देऊन झालेली असते.

आधी पैसे घेतलेल्या माणसाला आजारी पडण्याची सोय राहत नाही, हा याचा पुढचा अर्थ. एखादा दिवस चुकला की 'खाडा' पडतो. त्या दिवसाची तोडणी तर जातेच, वर अनेक ठिकाणी दंडही कापला जातो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला आणि सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. साधारण सहा जणींमागे एक. यामागे कारणे अनेक आहेत : स्वच्छतागृहे नसणे, लहान वयातले लग्न आणि बाळंतपणे, अंगावर काढलेली दुखणी, चुकीचा वैद्यकीय सल्ला. सगळे खापर उचलीवर फोडणे बरोबर होणार नाही. पण पाळीच्या दिवसांत एक दिवस कामावर न जाणे आणि दुखण्याकडे वेळीच लक्ष देणे, या दोन साध्या गोष्टी तिला का जमत नाहीत, याचे उत्तर त्या वहीत आहे. रोजाने काम करणारी बाई खाडा करते तेव्हा त्या दिवसाची मजुरी बुडते. उचलीवर काम करणारी बाई खाडा करते तेव्हा कर्ज तिथेच राहते आणि हंगामाचा एक दिवस कमी होतो.

आता दुसरे टोक पाहू, म्हणजे मजुरी उशिरा मिळणे. महाराष्ट्राला याचा जुना अनुभव आहे. मुंबईच्या गिरण्यांत सरलेल्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या दहा-पंधरा तारखेला होत असे. कोकणातून किंवा घाटावरून नव्याने आलेल्या माणसाला पहिला पगार पाहायला महिना-दीड महिना लागे. तोवर खानावळ उधारीवर आणि हातखर्च सावकाराच्या पैशावर. पहिला पगार आला की तो आधी मागची देणी भागवी आणि चालू महिना पुन्हा उधारीवर सुरू होई. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही मजूर आयोगात कामगार नेते ना. म. जोशी सदस्य होते. त्या आयोगाच्या १९३१ च्या अहवालात कामगारांच्या कर्जबाजारीपणाची सविस्तर चर्चा आहे. पुढे १९३६ मध्ये वेतन प्रदान कायदा झाला. हजारांपेक्षा कमी कामगार असतील तर सात तारखेच्या आत आणि त्याहून मोठ्या आस्थापनेत दहा तारखेच्या आत पगार, असे बंधन त्याने घातले. एका अख्ख्या कायद्याचा गाभा पगाराची तारीख हा आहे, याचे महत्त्व आज आपण विसरलो आहोत. किमान वेतनाचा कायदा त्यानंतर बारा वर्षांनी, १९४८ मध्ये आला. कामगार चळवळीच्या त्या पिढीला तारखेचे मोल चांगले ठाऊक होते.

रोजगार हमीचे उदाहरण जवळचे आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेला जे रूप आले, त्याच वाटेने पुढे २००५ चा देशव्यापी कायदा झाला. त्यात मजुरी पंधरवड्याच्या आत देण्याची हमी होती आणि उशीर झाल्यास सोळाव्या दिवसापासून रोज ०.०५ टक्के भरपाई ठरली. २०२५-२६ साठी महाराष्ट्राचा दर दिवसाला ३१२ रुपये होता, म्हणजे सहा दिवसांचे १,८७२ रुपये. त्यावर एका दिवसाच्या उशिराची भरपाई ९४ पैसे होते. तेवढेच पैसे गावात महिना शेकडा पाचने घेतले तर दिवसाला तीन रुपयांहून जास्त व्याज पडते. भरपाई वेळेवर मिळाली तरी दोहोंतला फरक मजुराच्याच खिशातून जातो. कागदावर दर तोच राहतो, पण पैसे पंधरा दिवस उशिरा आले की खरी मजुरी कमी झालेली असते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. जास्त उचल मजूरच मागतात. काही जण दोन मुकादमांकडून उचल घेऊन तिसरीकडे जातात. मुकादमानेही ते पैसे वाहतूकदाराकडून किंवा कारखान्याकडून उचललेले असतात, ते बुडाले तर तोही रस्त्यावर येतो. हे खरे आहे आणि मजुराची बाजू मांडताना ते लपवण्याचे कारण नाही. पण मजूर उचल मागतो याचा अर्थ त्याला ती पद्धत आवडते असा होत नाही. ज्या महिन्यांत कोरडवाहू घरात खर्च सर्वांत जास्त आणि काम सर्वांत कमी, त्या महिन्यांत मुकादमाखेरीज कोणी त्याला पैसे देत नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते. बँक तारण मागते. बचत गटाची रक्कम लहान असते. मग स्वतःचे पुढचे सहा महिने हेच तारण उरते. फसवणुकीचेही तसेच. लेखी करार नाही, वजनकाट्याची पावती मजुराच्या हातात नाही, हिशेब फक्त मुकादमाच्या वहीत. अशा व्यवहारात दोन्ही बाजूंनी फसवणूक होणारच आणि तंट्याचा निकाल कागदावर न लागता जोरावर लागणार.

दुसरा आक्षेप स्वभावावर येतो : एकरकमी पैसे मिळतात तेव्हा हे लोक ते जपून का वापरत नाहीत? तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डर शफीर आणि जियायिंग झाओ यांनी त्याच शेतकऱ्यांना उसाचे पैसे येण्याआधी आणि आल्यावर विचारशक्तीच्या चाचण्या दिल्या. पैसे येण्याआधी तीच माणसे त्याच प्रकारच्या चाचण्यांत मागे पडली. हे तर स्वतःची जमीन असलेले शेतकरी होते. एका अभ्यासावर सगळा डोलारा उभा करू नये, पण टंचाईच्या महिन्यांत घेतलेला निर्णय माणसाच्या स्वभावावर ढकलण्याआधी थांबावे, इतके तरी तो शिकवतो. उचल ठरते ती नेमकी टंचाईच्याच महिन्यांत.

मग करायचे काय? उचल एका फटक्यात बंद करा, असे मी म्हणणार नाही. पर्याय नसताना ती बंद केली तर तीच गरज जास्त व्याजाच्या सावकाराकडे जाईल. पण १९३६ च्या कायद्यात एक शहाणे कलम होते : एरवी वेतनातून होणारी एकूण कपात निम्म्याहून जास्त नको, आणि सहकारी संस्थेचे देणे असेल तर पाऊण हिश्श्यापर्यंत. २०१९ च्या वेतन संहितेनेही निम्म्याची मर्यादा ठेवली. ऊसतोडीत आज हंगामभर मजुरीची जवळजवळ पूर्ण रक्कम उचलीपोटी वळती होते, कारण मजूर कारखान्याचा कामगार समजलाच जात नाही, कारखान्याचा करार वाहतूकदाराशी असतो. निम्म्याची मर्यादा इथे लागू केली तर दोन टनांच्या दिवसाला ३६६ रुपये उचलीत जातील आणि ३६६ रुपये हातात येतील. दर पंधरवड्याला ते दोघांच्या वेगवेगळ्या खात्यांत पडले आणि काट्याची पावती सोबत मिळाली, तर खर्चीसाठी हात पसरावा लागणार नाही. उचल फिटायला दोन हंगाम लागतील, असे यावर कोणी म्हणेल. लागतील. म्हणून मुकादम उचल लहान देईल आणि पावसाळ्यातली गरज भागवायला बँकेला आणि सरकारला पुढे यावे लागेल. हे ओझे आज मजुराचे शरीर उचलते आहे. ते ज्यांना पेलवेल त्यांच्याकडे जाणे मला न्यायाचे वाटते.

वाचकांच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे : आधी मिळालेले पैसे जर दुसऱ्याने ठरवलेल्या दिवशी, दुसऱ्याच्या नावावर आणि पुढच्या हंगामाच्या बदल्यात मिळत असतील, तर ती मजुरी झाली नाही, कर्ज झाले. आणि केलेल्या कामाचे पैसे पंधरा दिवस अडकून राहिले, तर कर्ज मजुराने दिलेले असते, तेही ज्याच्याकडे पैसा आहे त्याला. खोलीच्या भाड्याला मात्र ठरलेली तारीख असते आणि ती चुकली तर काय होते, ते पुढच्या आठवड्यात नक्की पाहू.