उकाईच्या काठावर कॅराव्हॅन: गाडी कुठे लावू द्यायची, होडीत कुणाला घ्यायचं नाही

सुरतेहून सोनगडमार्गे येणाऱ्या गाड्यांमध्ये आता एक नवा प्रकार दिसतोय. बाहेरून टेम्पो ट्रॅव्हलर, आत पलंग, शेगडी, बेसिन, कुणाकुणाकडे संडाससुद्धा. यांना कॅराव्हॅन म्हणतात. लोक हॉटेल शोधत नाहीत, पाणी दिसेल तिथे गाडी लावतात आणि रात्र तिथेच काढतात. महाराष्ट्र सरकारने 2021 साली यासाठी वेगळं धोरणही काढलं. आपल्याकडे मात्र ही मंडळी कुठल्याही धोरणाने येत नाहीत. लिंबायत-उधन्याला राहणाऱ्या आपल्याच नातेवाइकांचा फोन येतो, "दादा, आमचे शेठ येतायत, पाण्याजवळची जागा दाखवा, आणि होडीतून एक चक्कर मारून आणा."

या एका फोनमध्ये दोन धोके आहेत. एक जागेचा, दुसरा होडीचा.

आधी जागेचं बघू. पाहुण्याला उकाई म्हणजे तलाव वाटतो आणि तलावाचा काठ म्हणजे काठ. आपल्याला माहीत आहे की धरणाला कायमचा काठ नसतो. पूर्ण भरलं की पातळी 345 फूट. पण पावसाळ्यात ते लगेच तिथवर भरत नाहीत. 1 जुलैला 321, 1 ऑगस्टला 333, 1 सप्टेंबरला 335 अशी पातळी धरून पुराला जागा मोकळी ठेवतात. खाली सुरत आहे. ऑगस्ट 2006 मध्ये लाखो क्युसेक पाणी सोडावं लागलं आणि जवळजवळ सगळं शहर पाण्यात गेलं, ते कुणीच विसरलेलं नाही. म्हणून धरण अगदी शेवटी, पावसाचा जोर ओसरताना भरून घेतात.

आता कॅलेंडर बघा. धरण भरतं सप्टेंबर-ऑक्टोबरात. सुरतेला सुट्टी लागते नवरात्र-दिवाळीला. म्हणजे पाणी सगळ्यात वर आणि पाहुणे सगळ्यात जास्त, हे एकाच वेळी. शेठने मे महिन्यात येऊन जे सपाट मैदान पाहिलेलं असतं, फोटो काढलेला असतो, ते मैदान दिवाळीला पाण्याखाली असतं. तो म्हणतो, "तीच जागा हवी." मग गाडी लागते पाण्याच्या अगदी कडेला.

कडेला लावली तर काय होतं, याचा साधा हिशोब. धरण भरलेलं असताना पाण्याचा पसारा सुमारे 600 चौरस किलोमीटर. वरून हातनूर, सारंगखेडा, प्रकाशा ओलांडून दोन लाख क्युसेक आवक सुरू झाली आणि उकाईचे दरवाजे बंद असले, तर चोवीस तासांत पातळी अडीच-तीन फूट चढते. ऐकायला कमी वाटतं. पण आपल्या खाडीतला उतार पाहा, कित्येक ठिकाणी शंभर फुटाला एक फूट. तिथे तीन फूट चढणं म्हणजे पाणी तीनशे फूट आत येणं. तेही आकाश निरभ्र असताना, कारण पाऊस पडलेला असतो जळगाव-बुऱ्हाणपूरकडे. आपल्या एका सभासदाने पहाटे जाळं काढायला जाताना दोन तंबू पाण्यात पाहिले आणि झोपलेल्या माणसांना हाका मारून उठवलं. नशीब की पाणी घोट्यापर्यंतच होतं.

दिवाळीनंतर उलटं. कालव्यांना पाणी सुटतं, वीजघर चालतं, पाणी रोज थोडं थोडं मागे जातं. गाडीवाले पाण्यामागे खाली उतरतात. वरचा गाळ वाळलेला दिसतो, त्याला भेगा पडलेल्या असतात, पण त्या पापुद्र्याखाली लोण्यासारखा चिखल असतो. गाळपेर करणाऱ्याला विचारा, बैलसुद्धा तिथे जपून घालतात. आत सामान भरलेली ती जड गाडी एकदा रुतली की ट्रॅक्टरच्या बापाने निघत नाही.

तेव्हा नियम सोपा धरा. मुक्कामाची गाडी 345 च्या खुणेच्या वर, मुरमाच्या पक्क्या जमिनीवर. ओळखायचं कसं? भरल्या धरणाची रेष झाडांच्या बुंध्यावर आणि दगडांवर स्पष्ट दिसते, तिच्या वर राहायचं. धरणाच्या खालच्या अंगाला, नदीपात्रात तर अजिबात नाही. तिथे वीजघराचं पाणी सुटलं की कोरडी वाळू बघता बघता वाहती होते. शिवाय गाळपेरीची जमीन आपल्या मालकीची नाही, ती धरणाची आहे. तिच्यावर पार्किंगचे पैसे घेतले तर उद्या नोटीस आपल्याला येईल, शेठला नाही. रात्रच काढायची असेल तर वनखात्याच्या पदमडुंगरी, केवडी अशा तयार छावण्या आहेत, तिकडे पाठवा. दिवसा आपल्याकडे, रात्री तिकडे, यात आपलंही नुकसान नाही. थुटीकडे मासळीच्या ताटासाठी सुरतेहून गाड्या येतातच ना?

संडासाबद्दल स्पष्ट लिहायला हवं, लाजून उपयोग नाही. कॅराव्हॅनमध्ये दोन टाक्या असतात. एकीत भांडी-अंघोळीचं पाणी, दुसरीत मैला. मैल्याच्या टाकीत वास मारायला औषध घालतात, आणि त्यातल्या काही औषधांनी शोषखड्ड्यातले जिवाणूही मरतात, मग खड्डा काम करेनासा होतो. ती टाकी कुणी रात्री गुपचूप खाडीत उपडी केली तर बंद खाडीतल्या पाण्याचं आणि पिंजऱ्यातल्या माशांचं काय होईल? आणि एकदा बोभाटा झाला की उकाईचा कटला सुरतेत कोण घेणार? टाकी शहरात नेऊनच रिकामी करायची, हे आल्या आल्या सांगा. राग आला तर येऊ द्या.

आता होडी. इथे आम्ही जरा कठोर बोलणार आहोत.

आपली होडी दोन माणसं आणि जाळं यांच्यासाठी आहे. तिचा काठ पाण्यापासून वीत-दीड वीत वर. आपण बसतो खाली, हलतो बेताने, वारा फिरला की आधी कळतं. पाहुणा उभा राहतो. एकाला मगर दिसल्याचा भास झाला की सहाही जण एका बाजूला झुकतात. उकाईचं पाणी लांबीला शंभर किलोमीटरहून जास्त आहे, वाऱ्याला अडवायला मध्ये काही नाही. वळवाचा वारा सुटला की लाट समुद्रासारखी उठते.

21 मे 2024 ला उजनी धरणात हेच झालं. कुगाव ते कळाशी, रोजची वाट, संध्याकाळची वेळ, अचानक वादळी वारा. होडी उलटली, सहा जण बुडाले, त्यात लहान मुलं होती. एकच जण पोहून काठाला लागला. त्याच वर्षी 18 जानेवारीला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका गेल्या. क्षमतेपेक्षा जास्त मुलं बसवली होती आणि अनेकांच्या अंगात जाकीट नव्हतं. तो तर शहरातला तलाव, काठ डोळ्यांसमोर. आपल्याकडे काठ कुठे असतो?

कायद्याचंही ऐका. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे इंजिनाच्या होडीला नोंदणी आणि तपासणी लागते. मासेमारीचा परवाना म्हणजे प्रवासी नेण्याचा परवाना नव्हे. मच्छीमारांच्या अपघात विम्यात मृत्यूला 5 लाख मिळतात, पण ते मच्छीमाराच्या घरच्यांना. होडीतल्या पाहुण्याला त्यातला एक रुपया लागू नाही. शंभर-दोनशे रुपयांच्या चकरेसाठी होडी जप्त, परवाना धोक्यात आणि गुन्हा अंगावर, हा व्यवहार कुणाला परवडतो? कमवायचंच असेल तर प्रवासी बोट वेगळी, नोंदणीची, तिच्यासाठी संस्थेतर्फे एकत्र अर्ज करू. तोवर "नाही" म्हणायला शिका. नातेवाइकाला नाही म्हणणं सगळ्यात अवघड, हे आम्हालाही ठाऊक आहे.

पोहण्याबद्दल एकच. या पाण्याखाली दीडशेहून जास्त गावं गेली आहेत. भिंती, विहिरी, झाडांचे खुंट आणि आपलीच तुटलेली जुनी जाळी खाली आहेत. पाय अडकला की पट्टीचा पोहणाराही सुटत नाही. शिवाय दारू पिऊन पाण्यात उतरणारे असतातच.

अमेरिकेत धरणांच्या काठी अशा गाड्यांसाठी खास वाड्याच असतात. तिथे लष्कराचं अभियंता खातं चारशेहून जास्त जलाशय-नदी प्रकल्प सांभाळतं. गाडी लावायला आखलेले ओटे, मैल्याची टाकी रिकामी करायची ठरलेली जागा, होडी उतरवायचा वेगळा उतार, आणि पाण्याची पातळी जाहीर केलेली. त्यातली एक गोष्ट आम्हाला फार आवडली. कित्येक ठिकाणी काठावर लाकडी फळीला जाकिटं टांगलेली असतात. उसनी घ्यायची, वापरायची, परत टांगायची. पैसे नाहीत, पावती नाही.

बाकीचं सगळं आपल्याला जमणार नाही, पण फळी जमेल. संस्थेच्या कार्यालयाबाहेर पातळीचा फलक लावलाय, रोज सकाळी आकडा लिहू. त्याच्याच शेजारी जाकिटं टांगू. ही पाहुण्यांसाठी नाहीत. आधी आपल्यासाठी, जाळं टाकायला जाताना. बायका-मुलं होडीत येत असतील तर मुलांचं माप वेगळं असतं, मोठ्याचं जाकीट पोराच्या डोक्यावरून निसटतं. ज्यांच्या घरी दहा-बारा वर्षांपर्यंतची पोरं होडीवर येतात त्यांनी त्यांचं वजन कार्यालयात सांगून ठेवा, त्याप्रमाणे मागवू.