राखेवरून निखारा

पावसाळा सरला की भंडारदऱ्याच्या बाजूला, अमावस्येच्या रात्री, देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी दिसते. दिसते म्हणजे काय, एक पुसट डाग. सुमारे पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला तो उजेड बहुतांशी म्हाताऱ्या ताऱ्यांचा. नवे तारे जन्मतात धुळीच्या ढगांत, आणि ती धूळ त्यांचा अतिनील प्रकाश गिळून टाकते. गिळलेली ऊर्जा काही नाहीशी होत नाही. धूळ जेमतेम उणे अडीचशे अंशांपर्यंत ‘तापते’ आणि तिची ऊब शंभर-दोनशे मायक्रॉनच्या दूर-अवरक्त किरणांतून बाहेर पडते. चुलीत राखेखाली दडलेल्या विस्तवाचा अंदाज राखेवर हात धरून घ्यावा, तसला हा प्रकार. गेल्या चाळीस वर्षांत धुळीच्या ऊबेवरून ताऱ्यांचे जन्म मोजण्याची ही रीत रुजली खरी, पण एकट्या अवरक्ताच्या जोरावर नव्हे, असं माझं मत आहे.

हे किरण हवेतली वाफ अडवते, म्हणून वर जाणं भाग. 1983 मध्ये आयरास उपग्रहाने दहा महिने आकाश पिंजून काढलं, पण त्याचा सगळ्यात लांब पट्टा शंभर मायक्रॉनचा. त्याहून थंड धूळ त्याच्या हाती फारशी लागेना. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची 100 सेंटिमीटरची दुर्बीण हैदराबादहून बलूनखाली तीस किलोमीटरवर जाई. तिचे शोधक निरपेक्ष शून्यापेक्षा फक्त 0.3 अंश वर ठेवलेले, आणि पट्टे 150 व 210 मायक्रॉनच्या आसपासचे. बलूनला मिळतात मोजके तास, त्यामुळे तिचं लक्ष मुख्यतः आपल्याच आकाशगंगेतल्या ढगांवर होतं. मग दीर्घिकांशी तिचा संबंध काय, असं कुणी विचारेल. संबंध असा, की जवळच्या ढगात आतले तारे वेगळे ओळखता येतात आणि राख किती तापते हे ताडून पाहता येतं. दूरच्या दीर्घिकेत ती सोय नाही.

खरा आक्षेप दुसराच आहे. राख उन्हानेही तापते, म्हणजे धूळ जुन्या ताऱ्यांच्या उजेडानेही! 1998 मध्ये खगोलशास्त्रज्ञ केनिकट यांनी दिलेलं सूत्र म्हणतं, सूर्याच्या हजार कोटी पट अवरक्त तेज म्हणजे वर्षाला सुमारे पावणेदोन सूर्यांच्या वस्तुमानाचे नवे तारे. पण हे सूत्र धुळीने भरलेल्या, ताऱ्यांचा धडाका लागलेल्या दीर्घिकांसाठीच होतं. सप्तर्षींच्या दिशेची एम-82 त्यात चपखल बसते, देवयानी बसत नाही. हर्शेल या अवकाशातल्या अवरक्त दुर्बिणीने (2009 ते 2013) दाखवलं की देवयानीच्या मध्यभागातली धूळ बाहेरच्यापेक्षा ऊबदार आहे, पण ती तापवणारे तारे जुने, दाटीवाटीने बसलेले. मॅगेलनी मेघ या शेजारच्या छोट्या दीर्घिकांत उलटं होतं: धूळच कमी, प्रकाश निसटून जातो आणि अवरक्ताचा हिशेब तोकडा पडतो. म्हणून निसटलेला अतिनील प्रकाशही मोजायला हवा. 28 सप्टेंबर 2015 ला अॅस्ट्रोसॅट उपग्रहावर गेलेली युव्हिट ही अतिनील दुर्बीण तेच करते. तिच्या उभारणीतले एक प्रमुख शास्त्रज्ञ श्याम टंडन पूर्वी याच बलून दुर्बिणीच्या चमूत होते, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

अवरक्त आणि अतिनील यांच्यानंतरचा तिसरा साक्षीदार भंडारदऱ्याच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्याच्या पश्चिम हद्दीपासून फार दूर नाही. जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या रेडिओ लहरी टिपतात. धूळ तापवणारे अवजड तारे लवकरच स्फोट होऊन मरतात; त्या स्फोटांत वेगावलेले इलेक्ट्रॉन रेडिओ लहरी सोडतात, म्हणून अवरक्त आणि रेडिओ तेज हातात हात घालून वाढतं. 2012 मध्ये पुण्याच्या बसू, रॉय आणि मित्रा या शास्त्रज्ञांनी जवळच्या चार दीर्घिकांत हे नातं जागोजाग तपासलं. सर्पिल बाहूंवर ते नीट जुळलं. बाहूंमधल्या मोकळ्या जागेत 333 मेगाहर्ट्झवर ढिलं पडलं, कारण जुने इलेक्ट्रॉन जन्मस्थानापासून वाहत तिथवर येतात.

या हिवाळ्यात भंडारदऱ्याकडे गेलात तर तो डाग जरूर पाहा. डोळ्यांना दिसतो तो देवयानीचा मध्य. तिचे नवे तारे मुख्यतः त्यापासून सुमारे तेहतीस हजार प्रकाशवर्षं दूरच्या एका कड्यात जन्मतात, आणि ते कडं नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.