पेढीची पाटी कोणत्या देशात?

सुरत-भुसावळ लोहमार्गावरील नरडाणा हे लहानसे स्थानक. मुंबई-आग्रा महामार्ग गावाजवळून जातो, औद्योगिक वसाहत आहे, आणि मिरचीच्या बाजारासाठी ख्यात असलेले दोंडाईचा याच शिंदखेडा तालुक्यात मोडते. अशा गावात पेढी कोठे थाटावी, हा प्रश्न पूर्वी एका दुपारी सुटत असे. जेथे माल उतरतो आणि गिऱ्हाईक येते, तेथे पाटी लागे. आता त्याच पेढीवरील मुलगा कांदा-लसणाविना केलेले खाकरे, पापड आणि मसाले लंडन-न्यू जर्सीच्या जैन घरांना संगणकावरून विकू पाहतो, किंवा हिशेबाचे एखादे सॉफ्टवेअर मासिक वर्गणीवर देऊ पाहतो. गिऱ्हाईक डोळ्यांना दिसत नाही, सॉफ्टवेअर तर कोणत्याच गोदामात उतरत नाही. मग पाटी कोठे लावावी?

जाहिराती उत्तर देण्यास तत्पर असतात. एस्टोनिया हा छोटा देश डिसेंबर २०१४ पासून परदेशी माणसाला ‘ई-रेसिडेन्सी’चे ओळखपत्र देतो आणि घरबसल्या कंपनी उघडू देतो. अमेरिकेतील वायोमिंग आणि डेलावेअर या राज्यांत मालकाने पाऊल न टाकताही एलएलसी नोंदविता येते. कराचे दर मोहविणारे आहेत. सिंगापुरात कंपनी कर १७ टक्के. एस्टोनियात नफा कंपनीतच ठेवला तर कर नाही, वाटला की मात्र लागतो. संयुक्त अरब अमिरातीत २०२३ पासून ३,७५,००० दिरहमांपुढील नफ्यावर ९ टक्के. भारतीय कंपनीने सवलती सोडल्या तर तिला २२ टक्के, शिवाय अधिभार आणि उपकर. हे आकडे एका कागदावर शेजारी-शेजारी मांडले की निर्णय झाल्यासारखे वाटते. चूक होते ती येथेच, कारण या कागदावर मालक कोठे राहतो हा रकानाच नसतो.

नरडाण्यात राहणारा माणूस भारताचा रहिवासी करदाता आहे आणि त्याला जगभरातील उत्पन्नावर येथे कर द्यावा लागतो. एस्टोनियातील कंपनीने त्याला पगार दिला किंवा लाभांश दिला, तर तो त्याच्या भारतीय विवरणपत्रात येतोच. शिवाय कंपनीचाही प्रश्न आहे. २०१५ च्या वित्त अधिनियमाने प्राप्तिकर कायद्यात ‘प्रभावी व्यवस्थापनाचे स्थान’ ही कसोटी आणली. कंपनीचे महत्त्वाचे निर्णय वस्तुतः जेथे बसून घेतले जातात, त्या देशाची ती रहिवासी. नोंदणीपत्र टॅलिनचे असो वा दुबईचे, निर्णय नरडाण्याच्या ओसरीवर होत असतील तर कंपनी भारताची ठरू शकते. २०१७ च्या परिपत्रकाने ज्या कंपन्यांची वार्षिक उलाढाल ५० कोटी रुपये किंवा त्याहून कमी आहे, त्यांना या कसोटीतून वगळले. यावरून लहान व्यापाऱ्याला मोकळे रान मिळाले, असा अर्थ काही सल्लागार काढतात. तो अर्धाच खरा आहे. मागणी येथे स्वीकारली जाते, पुडे येथे बांधले जातात, प्रोग्रॅम येथे लिहिला जातो. मग परदेशी कंपनीचा व्यवसाय भारतात चालतो असे म्हणून येथील कामाला लागू होणारा नफा येथेच करपात्र धरण्यास कायद्यात पुरेशी वाट आहे.

परकीय चलनाचा कायदा त्याहून कडक. रहिवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठविता येते आणि त्यातून परदेशी कंपनीत भांडवलही घालता येते; पण ऑगस्ट २०२२ च्या नियमांप्रमाणे ते अधिकृत बँकेमार्फत, ओळख क्रमांक घेऊन, आणि कंपनीवर ताबा असेल तर दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत तिचा अहवाल देऊन. क्रेडिट कार्डाने नोंदणीची फी भरली, एलएलसी उघडली, बँकेला काही सांगितलेच नाही, अशी सुरुवात अनेक तरुण निष्पापपणे करतात. उल्लंघनाचा दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ही कंपनी आणि तिचे बँक खाते दाखविले नाही, तर २०१५ च्या काळ्या पैशाविषयीच्या कायद्याखाली दहा लाखांचा दंड आहे. ठरावीक लहान रकमांना तेवढी सूट. आणि अमेरिकेकडेही एक सापळा आहे. एकट्या परदेशी मालकाची एलएलसी एक पैसा नफा न कमावताही, मालकाशी व्यवहार झाला असेल तर, ५४७२ क्रमांकाचा फॉर्म भरण्यास बांधील असते. चुकला तर दंड २५,००० डॉलर! खाकऱ्यांचे पुडे किती विकावेत म्हणजे तो भरून निघेल?

जैन व्यापाऱ्यांनी परदेशात पेढ्या घातल्या नाहीत असे मुळीच नाही. अँटवर्पचे पालनपुरी हिरे व्यापारी, कोबेचे मोती-जवाहिरांचे व्यापारी, मोम्बासा-नैरोबीचे ओसवाल यांची कीर्ती सर्वज्ञात आहे. पण ते पाटीबरोबर चूलही घेऊन गेले. तेथे राहिले, मंदिरे बांधली, तेथील कर भरला. आजही कुटुंबातील कोणी दुबईत खरोखर स्थायिक होऊन व्यवहार तेथूनच चालवीत असेल, तर तेथे कंपनी असण्यात काहीच वावगे नाही. मात्र कर कोठेच न देणारा भारतीय नागरिक, त्याचे भारतातील उत्पन्न १५ लाखांपुढे गेले तर, २०२० च्या दुरुस्तीने भारताचा रहिवासी मानला जातो. ‘कोठेच नाही’ हा पत्ता आता चालत नाही.

श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, त्यांत खोट्या वजनमापाबरोबर ‘विरुद्धराज्यातिक्रम’ही आहे. राज्याचे नियम ओलांडून केलेला व्यापार हा त्याचा प्रचलित अर्थ. कमी तोलणाऱ्याला समाज चटकन ओळखतो. आडवळणाच्या नोंदणीला मात्र ‘प्लॅनिंग’ म्हणून दाद मिळते, हे जरा विचित्रच.

परदेशी नोंदणीला सच्ची कारणेही असतात, आणि ती मान्य केली पाहिजेत. परदेशी गुंतवणूकदार ओळखीच्या कायद्याखालची कंपनी मागतात. काही पैसे-वसुली सेवा भारतात सहज मिळत नाहीत. स्ट्राइप २०२४ पासून येथे केवळ निमंत्रणाने नवे व्यापारी घेते. पण मोठ्यांचा अनुभव पाहावा. फ्लिपकार्टने आपली मूळ कंपनी सिंगापुरात नेली. २०२५ मध्ये ती परत आणण्याचे ठरविले. फोनपे २०२२ मध्ये सिंगापुरातून परतली तेव्हा तिच्या भागधारकांना सुमारे ८,००० कोटी रुपये कर भरावा लागला. डेलावेअरहून परतलेल्या ग्रोला सुमारे १,३४० कोटी. जाताना जे वाचले असे वाटले, त्याची किंमत येताना मोजली गेली. उलट पुण्याची फर्स्टक्राय पुण्यातच नोंदलेली राहिली, आखाती बाजारासाठी तिने तिकडे उपकंपनी काढली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबईच्या शेअर बाजारात आली. खानदेशाला तर उदाहरण घरचेच आहे. भवरलाल जैन यांच्या जैन इरिगेशनने इस्रायल, अमेरिका, ब्रिटन येथे कंपन्या घेतल्या, काढल्या. मूळ कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय मात्र जळगावजवळ बांभोरीलाच राहिले. त्या परदेशी कंपन्यांना तेथे कारखाने आणि गिऱ्हाइके होती.

नरडाण्याच्या घरगुती निर्यातीला एवढेही लागत नाही. साधी भागीदारी किंवा एलएलपी, पाचशे रुपये शुल्काचा आयात-निर्यात क्रमांक, जीएसटीखालील दरवर्षीचे हमीपत्र, म्हणजे निर्यातीवर आगाऊ कर भरावा लागत नाही. कुरिअरनेही माल जाऊ शकतो. ॲमेझॉनवर भारतीय पेढीच्या नावाने अमेरिकेतील गिऱ्हाइकाला विकता येते. खऱ्या अडचणी वेगळ्याच आहेत. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून काढली. युरोपीय संघात दीडशे युरोपर्यंतच्या मालाचा व्हॅट विक्रीच्या वेळीच घेण्याची सोय आहे, पण तिची नोंदणी करावी लागते, आणि भारतीय मिरचीची तेथे बुरशीजन्य विषासाठी तपासणी होते. कंपनी वायोमिंगची असली तरी दोंडाईच्याच्या मिरचीचे मूळ भारतच लिहावे लागते, आणि शुल्क त्यावरूनच आकारले जाते.