गोदामाची किल्ली आणि संगणकाचा ‘अ‍ॅडमिन’



आपल्या मोताळा भागात सोसायटीपासून घरापर्यंत ठिकठिकाणी टेबलावर संगणक आला आहे. हिशेब, सातबारा, मुलांचे अर्ज, सारे त्यावरच. म्हणून त्यातील एका साध्या पण महत्त्वाच्या गोष्टीविषयी लिहीत आहोत.

साखरेच्या गोदामाची किल्ली आपण हरेक कामगाराच्या गळ्यात अडकवत नाही. गरज पडली की कुलूप उघडतं, काम झालं की पुन्हा लागतं. संगणकाच्या किल्लीला ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’चा, म्हणजे प्रशासकाचा अधिकार म्हणतात. ती ज्या प्रोग्रॅमच्या हाती पडली, तो यंत्रात वाटेल तो बदल करू शकतो. आणि विंडोजमध्ये पहिले खाते उघडते तेच मुळी प्रशासकाचे!

२७ जून २०१७ रोजी न्हावा-शेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम ‘नॉटपेट्या’ या विषाणूने ठप्प झाले. युक्रेनमधील हिशेबाच्या एका प्रोग्रॅमच्या अपडेटमधून तो पसरला होता. प्रशासकाचा अधिकार मिळाला की तो पासवर्ड चोरी, त्यांच्या जोरावर शेजारच्या संगणकांत शिरे आणि यंत्र सुरू होणेच बंद पाडी. किल्ली एकाची, नुकसान साऱ्यांचे!

मग करावे काय?

१) दोन खाती ठेवावीत. एक प्रशासकाचे, पासवर्ड घातलेले. दुसरे साधे, ‘स्टँडर्ड’. रोजचे काम साध्या खात्यातच करावे.

२) प्रिंटर बसविण्यासारखे काम निघाल्यास त्या प्रोग्रॅमवर माउसचे उजवे बटण दाबून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ निवडावे व पासवर्ड द्यावा. अधिकार त्या प्रोग्रॅमपुरताच मिळतो; तो बंद केला की संपतो.

३) परवानगी विचारणारी चौकट आली की प्रोग्रॅमचे व तो बनविणाऱ्याचे नाव वाचावे. आपण काही सुरू केलेच नसेल, तर सरळ ‘नो’. “येस दाबा अन् मोकळे व्हा” ही सवय घातक आहे.

४) “आधी अँटिव्हायरस बंद करा” असे सांगणारा फुकटचा प्रोग्रॅम ओळखीच्या माणसाने दिला तरी चालवू नये.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. साध्या खात्यात शिरलेला विषाणूसुद्धा आपल्या स्वतःच्या फायली बिघडवू शकतो. म्हणून दर आठवड्याला हिशेबाची नक्कल वेगळ्या ड्राइव्हवर घ्यावी आणि तो काढून कपाटात ठेवावा.

ऊस तोलताना आपली नजर काट्यावरून हलत नाही. तशीच ती त्या चौकटीवरही असू द्या.