भिंत पोकळ, तर पुट्टी फुकट

कापड विकणाऱ्याने भिंतीविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण एक भिंत व्यापाऱ्याचा माल कसा बिघडवते आणि कारागिराचे नाव कसे घालवते, हे मी पदरचे पैसे मोजून शिकलो आहे. म्हणून हा तजुर्बा दुकानदार आणि कारागीर बांधवांपुढे ठेवत आहे.

नंदुरबारच्या जुन्या बाजारातील आमचे दुकान वडिलांच्या काळचे. जाड विटांच्या भिंती, चुन्याचा गिलावा आणि त्यावर वर्षानुवर्षांच्या सफेदीचे थर. सुरतेहून येणारे तागे मागच्या भिंतीला टेकून रचलेले असत. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर भिंती गुळगुळीत करून घ्यायचे ठरवले. मिस्त्री म्हणाला, "शेठ, चार दिवस नुसते खरवडण्यात जातील." मी म्हणालो, "भाई, खरवडण्याचे पैसे कसले? वरून पुट्टी मार आणि फुटावर भाव घे." त्यालाही काम हवे होते, तो गप्प बसला. पुढच्या पावसाळ्यात पुट्टीचे पापुद्रे सुटले, मागच्या रांगेतील ताग्यांवर पिवळे डाग पडले आणि ते कापड पडत्या भावाने काढावे लागले. बाजारात नाव मात्र मिस्त्रीचे खराब झाले. चूक माझी होती.

पुट्टी स्वतःच्या ताकदीवर उभी राहत नाही. ती ज्याला चिकटते त्याच्या आधाराने टिकते. खाली सुटी सफेदी असेल तर पुट्टी भुकटीला चिकटते, भिंतीला नाही. आपल्या खानदेशाला लागून असलेली अजिंठ्याची लेणी पाहा. तेथील कारागिरांनी चित्रांसाठी खडक घासून गुळगुळीत केला नाही. टाकीच्या घावांनी तो खडबडीत ठेवला, त्यावर भुसा आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेल्या मातीचा गिलावा चढवला, वर चुन्याचा पातळ हात दिला आणि मग रंग भरला. जेथे गिलाव्याने पकड धरून ठेवली तेथे दीड हजार वर्षांनीही चित्र दिसते. जेथे गिलावा सुटला तेथे चित्रही गेले.

आता कामाचा क्रम पाहू. पहिले काम ओल शोधण्याचे. गळकी पन्हळ, फुटका नळ, गच्चीची भेग किंवा जोत्यातून वर चढणारे पाणी, यांतील जे असेल ते आधी बंद करावे. ओल भिंतीतून येते की हवेतून, हे कळत नसेल तर प्लॅस्टिकचा एक तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस ठेवावा. पाण्याचे थेंब आतल्या बाजूला जमले तर भिंत ओली आहे. लोणा लागला असेल तर तो कोरड्या ब्रशाने झाडून गोळा करावा. पाण्याने धुतला तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत मुरतो.

दुसरे काम ठोकून पाहण्याचे. थापीच्या दांड्याने सगळी भिंत हलके ठोकावी. जेथे बद्द आवाज येतो तेथे गिलावा विटेपासून सुटलेला असतो. कोळशाने तेवढी जागा आखून घट्ट भागापर्यंत काढून टाकावी आणि पाणी मारून ठिगळ द्यावे. चुन्याच्या भिंतीला ठिगळ चुन्याचेच बरे. सिमेंट कडक असते व ओल कोंडते. मग ती ओल शेजारचा जुना गिलावा फोडते. ठिगळ वाळायला तीन-चार आठवडे द्यावेत.

तिसरे काम खरवडण्याचे. भिंतीवर ओला हात फिरवावा. हाताला पांढरे लागले तर सफेदी किंवा साधा डिस्टेंपर आहे. तो भिजवून, पत्र्याने खरवडून, अगदी खालपर्यंत काढावा. भेगा इंग्रजी व्ही अक्षरासारख्या उघडून, धूळ काढून भराव्यात. ऑइलपेंट नीट चिकटलेला असेल तर पॉलिश पेपरने त्याची चमक मोडावी, पण पाणी लावूनच. घरगुती रंगातील शिशावर दहा लाखांत 90 भागांची मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसे जास्त असू शकते. कोरडी धूळ नाकात जाऊ देऊ नये, तोंडाला मास्क बांधावा आणि लहान मुलांना लांब ठेवावे.

शेवटी धूळ झाडून, भिंत हलकी ओलसर करून, पांढऱ्या सिमेंटची पुट्टी दोन पातळ हातांत द्यावी. दोन्ही मिळून जाडी जेमतेम दोन मिलिमीटर. खड्डे पुट्टीने बुजवू नयेत, ते काम गिलाव्याचे. ओलीचा संशय असेल तेथे पीओपी वापरूच नये.

हंगामाचाही विचार हवा. आपण दिवाळीला रंग काढतो, तेव्हा पावसाळा नुकताच सरलेला असतो आणि जाड भिंतीच्या पोटात पाणी बाकी असते. थंडी सरता सरता भिंत बरीच कोरडी होते आणि ऊनही कडक नसते. मे महिन्याच्या उन्हात पुट्टी पकड घेण्याआधीच सुकते.

दुसऱ्या वेळी मी त्याच मिस्त्रीला बोलावले. आधी पन्हळ बदलली, ठिगळे दिली आणि फेब्रुवारीत पुट्टी लावली. कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे घेतली. त्यानंतरच्या पावसाळ्यांत पापुद्रा सुटला नाही.

कारागीर बांधवांना एकच विनंती. भाव सांगताना दोन आकडे सांगा: एक तयारीचा आणि एक पुट्टीचा. ग्राहकाने पहिला आकडा कापायला सांगितला तर काम सोडून द्या. एक काम गेले तर दुसरे मिळते, गेलेले नाव लवकर परत येत नाही. आणि दुकानदार बंधूंनो, आपण कापडाचा पोत बोटांनी तपासून मगच भाव करतो. भिंतीलाही आधी हात लावून पाहा, मग घासाघीस करा.