उपकार नको, हक्काची खुर्ची हवी!

कर्तव्यावर जखमी होऊन पाय गमावलेल्या कुणाल सिंग या जवानाला निकामी ठरवून सेवेतून काढले. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरविले. झेपेल ते काम त्याच वेतनावर द्या, नसेल तर जादा पद निर्माण करा, असे १९९५ चा कायदाच सांगत होता. २०१६ च्या कायद्याच्या कलम २० ने ते संरक्षण राखले. शिवाय सरकारी आस्थापनांवर वाजवी सोयींचे बंधन घातले. तरीही रॅम्प मागणारा कर्मचारी साहेबांना कटकट्या वाटतो. त्यातून तो दलित असेल, तर अवहेलना दुहेरी! बाबासाहेबांनी आपल्याला याचना शिकविली नाही. बांधवांनो, लेखी तक्रार द्या, पोच घ्या. कलम २३ प्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने २ आठवड्यांत चौकशी केलीच पाहिजे. संघटनांनी अशा एकेकट्या लढणाऱ्यांच्या पाठीशी उभे राहावे.